बाबा, बोलू नका

या अंकाच्या संपादकबाई आमच्याच चर्चमधल्या. लेख मागताना त्यांनी मला बजावलं, "नाताळचा अंक आहे, काहीतरी आशेचं लिहा. तुम्ही इतक्या लोकांचं ऐकलंत, त्यातलं एखादं गोड." मी हो म्हणाले. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की गोड असं माझ्याकडे फार नाही, आणि जे होतं ते मी पूर्वी दोन-तीन अंकांत वापरून टाकलं आहे. त्यामुळे हे छापलं गेलं नाही तर माझी तक्रार नाही.

मी पुण्यातल्या एका ख्रिस्ती धर्मादाय रुग्णालयात चॅप्लेन होते. म्हणजे काय, ते सांगावं लागतं. डॉक्टर तपासतात, सिस्टर औषध देतात, मावशी चादर बदलतात आणि चॅप्लेन खाटेशेजारी बसून ऐकते. एवढंच. त्याचा पगार मिळतो हे कळल्यावर आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले होते, "अहो, आम्ही घरी हेच फुकट करतो." त्यांच्या पत्नी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी फक्त नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

नातेवाईक मला बहुधा विम्याच्या कागदांची बाई समजायचे. मी दारात दिसले की "क्लेम पास झाला का?" म्हणत उठून उभे राहायचे. मी नुसती बसायला आले आहे म्हटलं की चेहरे पडायचे. कात्रजच्या पुढच्या एका खेड्यातून आलेल्या आजीबाई होत्या. त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि विचारलं, "नुसत्याच बसताय व्हय? गोळीबिळी काय न्हाई?" मी नाही म्हटलं. "मंग बसा की. खुर्ची काय माझ्या बापाची हाय?" त्यानंतर त्या जवळजवळ तासभर बोलल्या, आणि मी निघताना म्हणाल्या, "उंद्या येताय न्हवं?" असं स्वागत मला नंतर क्वचितच मिळालं.

दुसरा प्रश्न ठरलेला. "हे धर्मांतराचं काही नाही ना?" पुण्याची माणसं हा प्रश्नसुद्धा 'आपण' म्हणून विचारतात. "आपण काही वाटप वगैरे करणार नाही ना?" मी रिकामे हात दाखवायचे. आमच्याकडे नियमच होता, पुस्तक न्यायचं नाही, आणि रुग्णाने स्वतः मागितल्याशिवाय मोठ्याने प्रार्थना करायची नाही. मागणारे थोडेच असत, आणि त्यांतले निम्मे हिंदू असत. "बाई, तुमच्या देवालाही सांगून ठेवा" असं म्हणत. एका देवावर सगळा भार टाकू नये, हे व्यवहारी पुणेकराला पटलेलं असतं.

माझं शिक्षण सिस्टर मार्था नावाच्या एका धर्मभगिनींच्या हाताखाली झालं. त्या एकांतवासाचं एक छोटं घर चालवायच्या. तिथे माणसं काही दिवस मौनात राहायला येत. त्या म्हणायच्या की ऐकणं हीच प्रार्थना आहे, फक्त डोळे उघडे ठेवून करायची. श्वास आत घेताना मनात प्रभूचं नाव घ्यायचं, बाहेर सोडताना समोरच्या माणसाचं. आपल्या डोक्यात उत्तर तयार व्हायला लागलं की पुन्हा श्वासाकडे यायचं, कारण उत्तर तयार करणारा माणूस ऐकत नसतो, आपली पाळी येण्याची वाट बघत असतो. 'मी समजू शकते' म्हणायचं नाही, कारण समजलेलं नसतं. आणि धीर द्यायचा नाही. "धीर देणाऱ्याला स्वतःलाच भीती वाटत असते," त्या म्हणायच्या, "त्याला ते बोलणं थांबायला हवं असतं." खाटेवर एक, खुर्चीवर एक, आणि खोलीत तिसरा ख्रिस्त. आपण जे ऐकतो ते खरं तर तो ऐकतो, आपण फक्त दार उघडं धरायचं. इतकं सोपं काम. मला ते जमायला वर्षं लागली.

जमलं की काय होतं, तेही सांगते. एका गृहस्थांची पत्नी अतिदक्षता विभागात होती. ते बाहेरच्या बाकावर बसून माझ्याशी सोसायटीच्या पार्किंगबद्दल बोलायला लागले. कोणाची गाडी कुठे, कोणी खांबाला आरसा लावला, अध्यक्ष कसे लबाड. मी श्वास मोजत होते, आणि खरं सांगायचं तर कंटाळलेही होते. बऱ्याच वेळाने ते थांबले आणि म्हणाले, "भांडायला तीच जायची हो. मी आपला वर गॅलरीत उभा राहायचो." मग ते रडले. पार्किंगच्या मध्येच मी "त्यांची तब्येत कशी आहे?" असं शहाणपणाने विचारलं असतं, तर त्यांनी प्लेटलेट्सचा आकडा सांगितला असता.

अशा गोष्टी मी सभांमधून सांगत आले. लोकांना आवडायच्या. दामले सर भेटेपर्यंत मलाही आवडायच्या.

दामले सर हे त्यांचं खरं नाव नाही. आजार, शाळा, राहण्याचं ठिकाण, सगळं थोडं थोडं बदललं आहे. लिहिण्याची परवानगी मात्र मी त्यांच्याकडून घेतली होती. "लिहा हवं तर," ते म्हणाले होते, "आमच्या घरी तुमचा नाताळ अंक कशाला येतोय."

ते गणिताचे शिक्षक. पेठेतल्या शाळेत आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर बिबवेवाडीत फ्लॅट घेतला. पत्नी वारलेली. मुलगा मंदार आयटीत, राहायला वाघोलीला. सरांची फुप्फुसं निकामी होत चालली होती. नाकात ऑक्सिजनची नळी, आणि एका दमात चार-पाच शब्द. माझ्याशी त्यांचं पहिलं वाक्य होतं, "बाई, तुम्ही... काय विकता?"

"काहीच नाही. ऐकते."

"मग तुमचं... इथे काही... चालायचं नाही. मला बोलता... येत नाही."

"मला वेळ आहे," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. मी बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "मला भीती वाटते."

(त्यांची वाक्यं मी आता सलग लिहिते. प्रत्यक्षात प्रत्येक वाक्याला फार वेळ लागायचा.)

ते म्हणाले, "दम लागण्याची नाही हो. ते डॉक्टर बघतील. मी नसेन, याची भीती. रोज संध्याकाळी येते. शाळेतली पोरं मला घाबरायची, वर्गात टाचणी पडली तर ऐकू यायची. आणि मी इथे चादर धरून पडलेला असतो."

हळूहळू सगळं कळलं. त्यांना ही भीती कोणालातरी सांगायची होती, असं नव्हतं. ती मंदारला सांगायची होती. मंदार लहानपणी अंधाराला घाबरायचा. रात्री उठून रडायचा. सर त्याला म्हणायचे, पुरुषासारखा पुरुष तू, घाबरतोस काय. एकदा तर दिवा घालवून, बाहेरून दार लावून घेतलं होतं, सवय व्हावी म्हणून. "त्याने पुन्हा कधी सांगितलं नाही," सर म्हणाले. "मला वाटलं, भीती गेली. आता कळतं, भीती जात नाही, सांगणं जातं. मला त्याला सांगायचंय की तुझा बापही घाबरतो. नाहीतर उद्या त्याची वेळ येईल तेव्हा त्याला वाटेल, आपणच एक भित्रे."

एवढंच त्यांना हवं होतं. मुलाला एक गोष्ट सांगायची होती, आणि हातात दिवस थोडे होते.

मंदार वाईट मुलगा असता तर सोपं होतं. असल्या मुलांना मला दोन शब्द सुनावता येतात. पण मंदार रोज ऑफिसमधून थेट यायचा, तेही नगर रोडच्या त्या ट्रॅफिकमधून. डब्यात मुगाची खिचडी असायची. उशी नीट करायचा, बोटाला लावलेल्या यंत्राचा आकडा बघायचा, डॉक्टरांना गाठायचा, मुलीला व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. "आजोबांना हाय कर!" आणि सरांनी तोंड उघडलं की त्यांच्या छातीवर हात ठेवून म्हणायचा, "बाबा, बोलू नका. दम लागेल तुम्हाला." हे म्हणताना त्याच्या आवाजात इतकी माया असायची की सर गप्प व्हायचे.

"माझा मुलगा फार चांगला आहे," सर मला म्हणाले. "हीच तर पंचाईत."

मी मंदारला कॉरिडॉरमध्ये गाठलं. ऐकलेलं सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. त्यामुळे मी आडून म्हटलं, "उद्या आलात की खुर्ची जवळ घ्या आणि थोडा वेळ काहीच करू नका. उशी नाही, फोन नाही. ते बोलले तर बोलू द्या."

"ॲक्च्युअली मॅडम, मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एक्झर्शन अव्हॉइड करा. बोलल्यावर सॅच्युरेशन ड्रॉप होतं त्यांचं, मी स्वतः बघितलंय."

"थोडं होऊ दे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या बापाची नळी काढायला सांगत होते. पण मुलगा शहाणा. "ओके मॅडम, ट्राय करतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच खुर्ची जवळ ओढली. फोन खिशात घातला. मी पलीकडच्या खाटेवरच्या रुग्णाजवळ बसले होते, दोघं मला दिसत होते. मंदार हात मांडीवर ठेवून बसला. त्याच्या पायाची टाच सारखी हलत होती. सरांना कळलं की आज वेळ आली आहे. त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला. "मंदार, मला..." म्हणाले, आणि खोकल्याची उबळ आली. यंत्र वाजायला लागलं. उबळ थांबल्यावर त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "मला तुला..." आणि मंदारचा बांध फुटला. त्याने दोन्ही हातांनी बापाचा हात धरला आणि म्हणाला, "नको बाबा. मला माहितीये. सगळं माहितीये मला. तुम्ही फक्त रेस्ट घ्या." आणि तो रडायला लागला. सर त्याच्या डोक्यावर थोपटत राहिले. थोपटताना त्यांनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

ती नजर विसरता आली तर बरं होईल. तिच्यात राग नव्हता. वर्गातला एखादा प्रयोग फसल्यावर शिक्षक जसा सामान आवरायला घेतो, तसं काहीसं होतं.

मंदार गेल्यावर मी त्यांच्याजवळ आले. ते म्हणाले, "त्याला माहितीये म्हणे. उत्तर माहितीये म्हणणाऱ्या पोरांना मी पायऱ्या लिहायला लावायचो. एकालाही यायच्या नाहीत."

आणि मग मी जे कधी कोणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "सर, मी सांगू का त्याला? तुमच्या वतीने?"

"नाही."

"तुमच्याच शब्दांत सांगेन."

"बाई, मला निरोप पाठवायचा नाहीये. बोलायचंय. निरोपच पाठवायचा असता तर चिठ्ठी लिहिली असती, अक्षर चांगलं आहे माझं." मग पुन्हा श्वास गोळा करून म्हणाले, "तुम्ही चांगलं ऐकता. पण तुम्ही कोण हो माझ्या?"

इतकी वर्षं मी समजत होते की माणसाला ऐकणारं कोणी मिळालं की त्याचं ओझं हलकं होतं. सभांमधून तसं सांगतही होते. पण तहान लागलेल्याला विहीर दाखवून उपयोग नसतो, त्याला आपल्या माणसाच्या हातचं पाणी हवं असतं. मी उत्तम ऐकणारी होते आणि परकी होते.

शेवटच्या आठवड्यात त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं. तिथे त्यांनी मला विचारलं, "तो तुमचा तिसरा. मी विचारलं तेव्हा, इथे असतो म्हणालात ना तुम्ही. ऐकतोय का?"

"असं मी मानते."

"मानू नका. ऐकतोय का?"

मी श्वास घेतला. आत प्रभूचं नाव, बाहेर त्यांचं. पुन्हा घेतला. "माहीत नाही, सर."

"चला," ते म्हणाले, "एक तरी खरं बोललात."

मला त्या दिवशी फार एकटं वाटलं. घरी गेल्यावर मी रोजच्यासारखी मौनात बसले. पूर्वी त्या बसण्यात काहीतरी भरून यायचं, आणि तेच मी दुसऱ्या दिवशी वॉर्डात वाटायला न्यायचे. आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सिस्टर मार्था असत्या तर म्हणाल्या असत्या, कोरडेपणाही प्रार्थनाच आहे. त्या वारल्याला बरीच वर्षं झाली. आणि त्या दिवशी त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी त्यांनाही सांगितलं असतं की धीर देऊ नका.

दामले सर दुपारी गेले. मंदार सकाळी येऊन गेला होता, ऑफिसात महत्त्वाची मीटिंग होती, संध्याकाळी लवकर येतो म्हणाला होता. वॉर्डातल्या सिस्टरांनी मला बोलावलं आणि मंदारला फोन लावला. तो निघाला, पण वाटेत अडकला. मी खुर्चीत बसले. शांत मरण मी पुष्कळ पाहिलं आहे, त्यामुळे हे तसं नव्हतं हे मला नीट कळत होतं. त्यांचे डोळे सताड उघडे होते आणि सारखे दाराकडे जात होते. एका हाताने चादर मुठीत घट्ट धरली होती. दुसरा मी धरला. मी मनात प्रभूचं नाव घ्यायला गेले, ते आलं नाही. त्यांचंच नाव येत राहिलं, श्वास आत घेतानाही आणि सोडतानाही. खोलीत आम्ही दोघंच होतो. तिसरं कोणी असल्याचं मला जाणवलं नाही. नंतरही अनेकदा आठवून पाहिलं, तेव्हाही जाणवलं नाही.

सिस्टरांनी डोळे मिटवले, मूठ सोडवली, चादर सारखी केली. मंदार पोचला तेव्हा सर एखाद्या रविवारी दुपारी पडतात तसे दिसत होते. तो पायाशी उभा राहिला, मग कपाळाला हात लावून पाहिला. बाहेर आल्यावर बाकावर बसला. मी शेजारी बसले.

तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही होतात ना? शांत होते ना बाबा?"

खोटं बोलायचं नाही, आणि ऐकलेलं सांगायचं नाही. दोन्ही मी आयुष्यभर पाळलं. त्या दोहोंच्या मधून जाईल असं एकच वाक्य मला सुचलं. निरोप न होता जेवढं सांगता येईल तेवढं.

"मंदार," मी म्हटलं, "त्यांना तुमच्याशी बोलायचं होतं."

त्याने डोळे पुसले. माझ्या हातावर हात ठेवला. मलाच धीर दिल्यासारखा हसला.

"रोज बोलायचो की आम्ही, मॅडम," तो म्हणाला. "एक दिवस चुकवला नाही मी. तेवढं एक समाधान आहे."

मग तो बोलायला लागला आणि मी ऐकत राहिले, कारण मला तेवढंच येतं. बाबा कसे खंबीर होते. आई गेली तेव्हाही डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आयुष्यात कशाला म्हणून घाबरले नाहीत, शेवटच्या दिवसापर्यंत आवाजात कंप नाही. "मला नाही जमणार तसं," तो म्हणाला. "मी फार भित्रा आहे मॅडम, लहानपणापासून. बाबांना माहीत होतं ते." त्याचा आवाज खाली आला. मी त्याच्याकडे पाहत राहिले. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, आणि ते माझं नव्हतं.

तेवढ्यात बिलाच्या काउंटरवरून त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला, मला नमस्कार केला आणि गेला.